पडण्याचा धडा

त्या सिनेमात पहिला पाऊण तास
कुणीच कुणाला मारत नाही.
होड्या दुरुस्त करणारी एक म्हातारी
शेजारच्या पोराला नुसतं पडायला शिकवते.
वाळूवर पड. फळीवर पड. आता जिन्यावरून.
हनुवटी आत, खांदे सैल, श्वास सोडून दे,
आणि जमिनीला आधी तळहाताने सांग
की मी येतोय.

कॅसेट डेलच्या दुकानातली, एका रात्रीचा एक डॉलर.
अ‍ॅक्रन, ओहायो, सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर.
दुकान कायमचं बंद झालं तेव्हा ती आमच्याकडेच होती,
म्हणजे आपला दंड अजून चढतोय,
असं शिरीष म्हणतो.

बाबा टायरच्या कारखान्यात रबर ताणून बघायचे.
किती ताणलं की तुटतं, एवढंच त्यांचं काम.
घरी बोलणं मोजकं.
इंग्रजी सिनेमे कळायचे नाहीत असं नाही,
विनोद अर्धा सेकंद उशिरा पोचायचे,
आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर
एकट्याने हसणं त्यांना जमत नसे.
इथे पडण्यावर हसायचं होतं.
इथे ते वेळेवर हसले.

आईला सगळा पोरकटपणा वाटायचा.
कणीक मळता मळता मान वळवून म्हणायची,
"बघा, पडला तरी नाक वर."
पण शेवटची लढत आली की
कणकेचे हात तसेच अधांतरी धरून दारात उभी.

ती लढत आम्ही कधी धड पाहिलीच नाही.
मागे नेऊन नेऊन फीत नेमकी तिथेच झिजलेली.
मुलगा उडी घेतो, आणि पडद्यावर
पांढऱ्या रेघांचं वादळ, आवाज पाण्यात बुडालेला.
रेघा ओसरतात तोवर लोक नाचताहेत.
मधलं आम्ही रचलं.
शिरीषच्या मते गिरकी, माझ्या मते डावा पाय.
आई म्हणायची, मारलंच नाही त्याने, समोरचा दमला.
मग सोफ्याच्या गाद्या जमिनीवर, रविवारभर धपाधप,
आणि खालून कोवाल्स्कीबाईंचा झाडू छतावर.

जानेवारीत पार्किंगमधल्या बर्फावर बाबा सटकले.
एका हातात डबा, दुसऱ्यात फाइल.
मी खिडकीतून पाहिलं:
हनुवटी आत. डबा सुटला.
तळहात सपकन बर्फावर.
थोडा वेळ ते तसेच पडून राहिले, आभाळाकडे बघत.
उठले, कोट झटकला,
आणि वर खिडकीकडे बघून कमरेत वाकले,
थेट त्या म्हातारीसारखे.
बटाट्याच्या भाजीचा पिवळा डाग
पुढचा बर्फ पडेपर्यंत तिथे होता.

आता ते एक्क्याऐंशीचे.
मंगळवारी एक तरुण मुलगी येते,
त्यांना न पडायला शिकवते.

काल ओवीने तोच सिनेमा शोधून लावला,
घासूनपुसून लख्ख केलेला,
म्हातारीच्या नखातलं डांबरसुद्धा दिसत होतं.
पाऊण तास नऊ वर्षांची पोर जागची हलली नाही,
मारामारी कधी, असं एकदाही विचारलं नाही.
शेवटी मुलाने उडी घेतली.
मी सोफ्याची कड धरली.
आणि दिसलं. सगळं दिसलं.
साधी लाथ. उजवा पाय.
तोही जरा वाकडाच.

बाबा म्हणाले, "रेघा कुठे गेल्या?"

शिरीषला फोन केला.
तो म्हणाला, सांगायचं नव्हतंस.
आईला सांगायला आता ती नाही,
आणि असती तरी तिने ऐकलं नसतं.

इकडे ओवीने गाद्या खाली ओढल्या होत्या.
"आजोबा, तुम्ही सांगा, मी पडते."
बाबांचा उजवा हात हल्ली थांबत नाही.
तो खुर्चीच्या दांडीवर आपटत राहिला,
थप, थप, थपथप,
आणि ती प्रत्येक थापेला
पडत राहिली.