सपाट की शिगोशीग

सिडर रॅपिड्सला, बुटांच्या बंद दुकानाच्या माळ्यावर
आम्ही सहाजणी बायकांचं जेवण मोजतो.
टपालानं वह्या येतात. त्यातला घास
आकड्यात बसवायचा:
लोणी, एक चमचा, सपाट. चार ग्रॅम स्निग्धांश.
शिगोशीग असेल तर सात.
लिहिलं नसेल तर फोन करायचा,
"बाई, चमचा सपाट होता की शिगोशीग?"
पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही.
चोरी पकडल्यासारखं.

नावं आम्हाला कळत नाहीत, क्रमांक कळतात.
तीन हजार बासष्ट: कमी स्निग्धांशाचा गट.
तिनं निवडला नव्हता, सोडतीत निघाला.
पहिल्या वर्षीचं अक्षर शाळकरी, ठसठशीत.
राय ब्रेड, कोरडा.
कोबी, उकडलेला.
दूध, साय काढलेलं,
आणि समासात: "हे दूध नव्हे,
दुधाचं भांडं विसळलेलं पाणी."
समासाला कोड नसतो.

नोव्हेंबरात:
"हंस भाजला. चरबी निथळून बरणीत भरली.
आई ती पावावर फासायची, वर मीठ,
चेकमध्ये म्हणायची, खाल्लेलं अंगाला लागू दे.
मी फक्त वास घेतला."

वासाचे किती ग्रॅम, मी विचारलं.
आर्डिसनं चष्म्यावरून पाहिलं.
ती आमची मुख्य. तिला विनोद कळतात,
आवडत नाहीत.

दुसऱ्या वर्षी शेजारीण आली वहीत.
"ब्लांका नेहमीचं खाणाऱ्यांच्या गटात.
डुकराच्या चरबीत बटाटे तळते, खिडकी उघडी ठेवून.
मी तिचा राग करत नाही.
शुक्रवारी करते."

असं चार वर्षं.
मी तिला कधी पाहिलं नाही,
पण तिच्या ताटात बसून जेवल्यासारखी
तिला ओळखत होते.

पाचव्या वर्षी मार्चची वही अर्धी कोरी.
मग एक पान:
टोस्ट, अर्धा. उलटला.
चहा.
चहा.
आणि समासात, उतरणीला लागलेल्या अक्षरात,
"डावीकडे. वाटाण्याएवढी होती म्हणे.
तुम्ही सांगितलंत तेवढंच खाल्लं मी.
मग हे अंगाला कशाचं लागलं?"

आर्डिस म्हणाली, उत्तर द्यायचं नसतं,
नोंद वर पाठवायची.
म्हणाली, एका बाईनं काही सिद्ध होत नाही.
खरंच आहे ते.
एक 'कदाचित' तयार व्हायला
हजारो बायका लागतात,
त्यांची हजारो कोरडी न्याहारी.

पुढे तो 'कदाचित'ही आला, टंकलेला, दोन पानी.
त्या गटात थोड्या कमी, या गटात थोड्या जास्त,
मधला फरक इतका पातळ
की तो लोण्याचा की नशिबाचा
हे गणिताला सांगता येईना.
माळ्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
कुणी रडलंही नाही.
लॅव्होननं कॉफीत साय घातली,
मग आमच्याकडे बघत ढवळत राहिली, बराच वेळ.

ऑक्टोबरात शेवटची वही.
बाकी पानं कोरी, एकावर:
"कोलाच दोन, खसखशीचं सारण.
वरून लोणी. ब्रशनं नाही, बोटांनी.
मोजा, नाहीतर नका मोजू."

प्रमाण लिहिलेलं नव्हतं. नियम म्हणजे नियम,
फोन केला.
बाई, अंदाजे किती चमचे?
आवाज माझ्या समजुतीपेक्षा जाड निघाला.
"ब्लांका," ती आत ओरडली, "किती गं लोणी होतं?"
आतून काहीतरी उत्तर, मग दोघींचं भांडण,
झाकण पडल्याचा आवाज, हसणं, खोकला.
"लिहा," ती म्हणाली, "दोन. शिगोशीग."

मी चौदा लिहिलं.
पलीकडे फोन नीट ठेवायचा राहिला होता.
पेन्सिल हातात तशीच,
ऐकत राहिले:
तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.