दोन्ही काड्या आत

दोन्ही काड्या खाली, आणि आत,
एकमेकींकडे.
जमिनीवर एवढं केलं की पंखे सुरू होतात.
वर असताना एवढंच केलं
की बंद.

दोन्हीला एकच खूण.
सीताबर्डीच्या दुकानदाराने काउंटरवर दाखवली,
पंखे काढून ठेवून.
म्हणाला, मुद्दाम अशी ठेवली आहे,
चुकून अंगठे असे वळत नाहीत माणसाचे.
वर असताना करायची वेळ येऊ नये, एवढं बघा.

मी घरी सराव करायचो, रिमोट बंद ठेवून,
ताट वाढेपर्यंत.
बायको म्हणाली, कोनाचे डोळे मिटवून राहिले?

तिला ठाऊक होतं.
माझ्या बापाचा लाखांदूरला फोटो स्टुडिओ.
शेवटचा फोटो काढायला बोलावणं आलं
की तो कॅमेरा आधी खाटेखाली ठेवायचा,
दोन्ही अंगठे असेच खाली, आत,
मग हात धुऊन फ्लॅश.

पौषात पिंपळटोल्याचा शंकरपट.
तीन हजार ठरले, निम्मे हातात.
सकाळी धुकं उठल्यावर मी ते चढवलं.
वरून दान म्हणजे भांग पाडल्यासारखी सरळ,
जोडी म्हणजे सुपातून निसटलेले दोन दाणे,
आणि धुरकऱ्याच्या शेल्याचा लाल ठिपका
दाण्यांच्या मागे लागलेला.
बोडीचं पाणी इतकं जवळ चमकलं
की मी पटाऐवजी तेच बघत राहिलो थोडा वेळ.
हे कोणाला सांगितलं नाही.

दुपारी चौथ्या फेरीला स्क्रीन लाल झाली.
कंपास.
मी डावीकडे लोटलं, ते उजवीकडे गेलं.
परत ये म्हणालो,
त्याला घर कुठे आहे तेच आठवेना.
ते तिरपं निघालं, खाली येत,
हटवारांच्या ट्रॉलीकडे,
जिथे बाया दाटीने बसलेल्या
आणि फळीवर एक पोरगी उभी, ओटीत बोरं.

मधे एकच बांधी होती.
धान निघालेली, लाखोळी फुललेली.
बांधी ओलांडायला त्याला लागले असते
दोन श्वास,
मला एकच होता.

पडताना ते ओरडलं नाही.
आवाज थांबला तेव्हा कळलं केवढा होता,
मग बैलांच्या घुंगरांचा आला,
मग भोंग्यावरचा, जोडी नंबर अठराचा.

होमराजभाऊ भेंडारकर, समितीचे अध्यक्ष,
धुऱ्यावरून धावत आले.
काहून पाडलास गा? बेस उडत होता ना!
मी ट्रॉलीकडे बोट केलं.
ट्रॉलीवर काहीच झालेलं नव्हतं.
बाया हसत होत्या. पोरगी बी थुंकत होती.
तेच तर, मी म्हणालो,
पण काहीच नाही याच्याकडे
बोट दाखवून किती वेळ उभं राहणार?
निम्मे पैसे मी संध्याकाळी परत केले,
रात्रीचं नाटक न बघता निघालो.

कंपनीला तुकडे पाठवले, दोन पंखे सोडून.
एक लाखोळीत सापडला नाही,
एक त्या पोरीने ठेवून घेतला.
सतरा दिवसांनी उत्तर आलं:
नोंदीनुसार कोणताही बिघाड नाही.
वापरकर्त्याच्या आदेशाने
मोटर हवेत बंद झाल्या.
वॉरंटी लागू नाही.

वाचलं. पुन्हा वाचलं.
कंपासचा शब्द नव्हता त्यात,
पण बाकीचं खरं होतं.

कार्ड शाबूत निघालं.
शेवटी आकाश, बांधी, आकाश,
निळा स्वेटर, उघडं तोंड,
आणि मग नुसती लाखोळीची फुलं, आडवी,
वाऱ्याने हलणारी, बॅटरी संपेपर्यंत.
लग्नाच्या व्हिडिओत वापरा, म्हणाला पोरगा.
वापरली नाहीत.

आता जुनंच एक घेतलंय, साकोलीहून.
दर वेळी जमिनीवर ठेवतो,
माणसं मागे सारतो,
दोन्ही काड्या खाली, आणि आत.

ते सुरू होतं.
अंगठे मात्र तिथंच राहतात थोडे,
कोणीतरी हात धुवायला सांगेल
याची वाट बघत.