जप्तीतला माल

माझ्या कपाटात तीन चेंडू आहेत.
एक लाल, एक ठिपक्यांचा, एक कधीकाळी पांढरा.
जुन्या स्वेटरांखाली पडलेत,
मार्चपर्यंत उरलेल्या डाळिंबांसारखे
सुरकुतून.

पहिला धरला तेव्हा वाझा आजारी होता.
दुपारी कसाबसा डोळा लागलेला,
आणि खाली भिंतीवर धप्, धप्, धप्.
चार मजले उतरले, चेंडू काखेत मारला, वर आले.
पोरं हू की चू न करता बघत राहिली.
दुसऱ्याला कारण लागलं नाही.
तिसऱ्याच्या वेळी
वाझाला जाऊन वर्ष झालं होतं.

मग सगळ्यांनीच थोडंथोडं केलं.
नोदारने गाडी झोक्याच्या खांबाला टेकवून लावली,
झोका तसाही गंजलाच होता.
मग त्याच्या मेहुण्याची. मग कोणाकोणाची.
तुतीच्या झाडापर्यंत पत्रे, काचा, आरसे.
सभा भरली. ठरलं :
पोरांनी गाड्यांपासून लांब खेळावं.
लांब म्हणजे कुठे, हे कोणी विचारलं नाही.
मीही हात वर केला होता.

शाळेत व्यायामशाळा आहे, नाही असं नाही.
नवी लाकडी जमीन, इतकी चकचकीत
की तिच्यावर पाय ठेवायची सोय नाही.
किल्ली मुख्याध्यापिकेच्या खणात.
गुरामसर, एके काळचे पैलवान,
कान अजून चुरगळलेले,
फळ्यावर लिहितात,
आणि माझी तेकले वहीत उतरवते :
धावण्याचे फायदे. एक. हृदय बळकट होते.
दहा फायदे.
सुंदर अक्षर. बसून.

परवा लिफ्टसाठी नाणं नव्हतं, जिन्याने आली,
दारातच फायदे म्हणून दाखवू लागली
आणि चौथ्याला तिला धाप लागली.
नऊ वर्षांची आहे.
मला आधी हसू आलं.

नऊ वर्षांची मी
सूर्य मावळला तरी टेकडीवरच असायचे.
गुडघा फुटला तर जवळ असेल त्या दारात जायचं,
ती बाई आधी रागवायची, मग आयोडिन लावायची,
मग हातात पाव.
व्यायाम हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता.
ग्लदानीत तेव्हा इमारती कमी होत्या
आणि रागवणाऱ्या बाया जास्त,
पण चेंडू कोणी कपाटात ठेवत नसे.

सोमवारी बटाट्याच्या पिशवीत तिन्ही घातले,
कोपऱ्यावरच्या बेसोकडे नेले, टायरवाल्या.
त्याने दाबून पाहिले.
"पंक्चर एकालाच आहे," म्हणाला,
"बाकीचे दोन नुसतेच पडून पडून दमलेत."
हवा भरली. पैसे घेतले नाहीत.
कुणाचे आहेत, हे विचारलं
तेव्हा मी पावाचा भाव काढला.

लाल चेंडू तुतीखाली ठेवला
आणि पडद्यामागे उभी राहिले.
संध्याकाळ झाली. कोणी नाही.
दुसऱ्या दिवशी एक कुत्रा हुंगून गेला.
मग दप्तर पाठीला लावून एक पोरगा आला,
थांबला. चेंडूकडे पाहिलं.
मग वर, बरोब्बर माझ्या खिडकीकडे,
आणि मान खाली घालून निघून गेला.
हे मला लागलं.

आज घरातल्या सपातांवरच खाली उतरले.
अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे बोलतात.
आजूबाजूला पाहिलं, आणि मारली लाथ.
सपाता एकीकडे, चेंडू दुसरीकडे,
थेट नोदारच्या गाडीच्या दारावर.
भोंगा सुरू झाला.

अकरा खिडक्या उघडल्या. मोजल्या मी,
एका पायावर उभी राहून.
चौथ्या मजल्यावरून तेकले, हातात वही,
भोंग्याच्या वर आवाज काढून ओरडली :
"बेबो! बोटाने नाही,
पायाच्या आतल्या बाजूने मारायचा असतो!"
हे तिला कोणी सांगितलं?
दहा फायद्यांत हे नव्हतं.

आता जिन्यात किल्ल्या वाजतायत.
नोदार खाली येतोय.
भांडायला की गाडी हलवायला,
पावलांवरून काही कळत नाही.
त्याच्या मागे आणखी पावलं आहेत,
हलकी,
दोन-दोन पायऱ्या गाळणारी.