पाटी

उद्यमबागेतल्या ऑफिसात सोमवारी परीक्षा.
पास झाले तर रात्रभर इथं बसून
अमेरिकेतले ट्रक हाकायचे.
म्हणून अण्णा माझी वही घेऊन बसलेत,
चष्म्याच्या काचेवर पिवळ्या ऑइलपेंटचा वाळका थेंब.

पिओरिया?
इलिनॉय.
डुलूथ?
मिनेसोटा.
पडूका?
थांबा... ओहायो.
"केंटकी," अण्णा म्हणतात,
जणू कालच्या वस्तीच्या गाडीनं जाऊन आलेत.

चाळीस वर्षं त्यांनी गावांची नावं रंगवली.
खानापूर, नंदगड, जांबोटी.
कधी ही लिपी वर, कधी ती,
कधी सगळ्यावर पांढरा मारून पहिल्यापासून.
वेलांटी सुकायच्या आत हुकूम बदलायचा.
मजुरी मात्र कुणीच बुडवली नाही,
हे ते न विचारता सांगतात.

"पोर्टलंड?"
कुठलं? एक मेनमध्ये, एक ऑरेगनमध्ये.
"एकाच नावाची दोन? आणि भांडण नाही की गे?"
अण्णा, पुढचं विचारा.

पुढचं ब्रिस्टल.
तिथं रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा ठोकल्यात,
मी सांगते, एका अंगाला टेनेसी,
दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया.

अण्णा बोट तसंच ओळीवर ठेवून गप्प.
बाहेर शिरगुप्पींचा म्हातारा म्हशीला
आधी कन्नडात, मग मराठीत शिव्या घालतो.
म्हैस हलत नाही.

मग एकदम धंद्याच्या आवाजात :
"त्या रस्त्यावरची पाटी रंगवली
तर बिल कुणाच्या नावावर काढतात?"

वहीत नाही हे.
मी मागची पानंसुद्धा उलटून बघते.