बेबीआत्या

कॉव्हेंट्रीत, चौऱ्याऐंशी साली,
दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात
रेडिओतले सगळे पुरुष
माझ्या आत्याला हाका मारायचे.

बेबी, जाऊ नकोस.
बेबी, परत ये.
बेबी, चुकलो.

आत्या कणीक मळत असायची.
मान वर करायची नाही.

मी आठ वर्षांची. मला वाटायचं, काय बाई ही!
एवढे बाप्ये रडकुंडीला आलेत,
कोणी गुडघे टेकलेत, कोणी पावसात भिजतोय,
आणि ही म्हणते,
"आवाज बारीक कर गं, शिट्ट्या मोजायच्यात."

मिरजेला पाळण्यात घातलेलं नाव इंदुमती.
ते पासपोर्टावर होतं,
आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत, पगाराच्या पाकिटावर,
दर आठवड्याला वेगळ्या स्पेलिंगनं.
बाकी सगळीकडे ती बेबी.
पंचेचाळिशी, टाचांना भेगा,
चादरींच्या वाफेनं कायम ओलसर केस,
आणि एक मोडलेलं लग्न,
ज्याबद्दल आमच्या घरी कोणी बोलत नसे.

मी टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरून बसायची,
श्वास रोखून, बोटं बटणांवर.
निवेदक मध्येच बडबडायचा, म्हणून
माझ्या सगळ्या गाण्यांची सुरुवात कापलेली.
शेवट तर त्यांना नव्हतेच.
गाणी संपत नसत, नुसती लांब लांब जात,
कोणी गात गात बसमध्ये चढावं आणि बस सुटावी तशी.
म्हणून प्रेम संपतं म्हणजे नेमकं काय होतं,
हे मला फार उशिरा, आणि फार महागात कळलं.
पण ते इथे नको.

सतराव्या वर्षी पूल मेडोच्या बसस्टँडवर
मी ग्रेगची चाळीस मिनिटं वाट पाहिली.
पाऊस अगदी हवा तसा. कोटही मुद्दाम तसलाच.
तो आला आणि म्हणाला, "चिप्स?"
मी गप्प उभी. आता पट्टी चढेल,
आता मागून व्हायोलिनं येतील.
तो व्हिनेगर ओतत राहिला.
त्याला लिहिलेल्या पत्रात माझं असं एकही वाक्य नव्हतं.
त्यानं ओळखलं.
कुठली ओळ कुठल्या गाण्यातली, तेही सांगितलं.

त्याच हिवाळ्यात
लाँड्रीच्या बॉयलरवरून रिटायर झालेला झिगमंट
गुरुवारी आमच्या दारात कोबी ठेवून जाऊ लागला.
स्वतःच्या वाफ्यातला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कधी बीट, मातीसकट.
चिठ्ठी नाही, काही नाही.
मी इतकी गाणी ऐकली होती,
एकातही बीट नव्हतं.

पुढे तो चहाला थांबायला लागला.
एकदा त्यानं विचारलं, घरी तुला काय म्हणतात?
आत्यानं सांगितलं.
म्हातारा कानापर्यंत लाल.
म्हणाला, छे, ते तर जो तो म्हणतो.
तुझं नाव सांग.

पाकिटाच्या मागे लिहून घेऊन गेला.
पंधरा दिवस लागले त्याला.
'इं'वर अडायचा, 'दु'वर जोर द्यायचा,
'ती'पर्यंत पोचेस्तोवर चहा निवायचा.
मग पुन्हा पहिल्यापासून.
आत्या हसली नाही.
कणकेचे हात तसेच अधांतरी धरून ऐकत राहिली,
आणि त्या दिवशी आमच्याकडे
डाळ कुकरच्या तळाला लागली.

त्यांनी लग्न केलं नाही.
याबद्दलही आमच्या घरी कोणी बोललं नाही.

परवा माळ्यावर एक कॅसेट सापडली.
लावली. आधी नुसती खरखर.
मग एक माणूस, जीव तोडून, बेबी, बेबी,
आणि त्याच्या मागून कुकर.
एक.
परातीचा आवाज. बांगड्या.
दोन.
"आवाज बारीक कर गं."

नवऱ्यानं विचारलं, कोण गातंय हे?
मी म्हटलं, थांब जरा,
तिसरी व्हायचीय.