इतर

करिमरडी म्हणजे काळी टेकडी.
नाव कन्नड, बोलणं मराठी,
आणि टेकडी चांगली तांबडी होती
फौंड्रीची जळकी वाळू ट्रॅक्टरनं येऊन पडू लागेपर्यंत.
आता नाव खरं झालंय.

मी गणतीची पोरगी. फॉर्मामागं चाळीस रुपये,
गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, पायात भावाचे बूट.
फॉर्म कन्नडमध्ये. मी विचारायची मराठीत,
उत्तर पुन्हा कन्नडमध्ये उतरवायची,
गिरिजा हुक्केरी मॅडम त्याचं इंग्रजी करणार,
आणि त्या इंग्रजीचा कधी हुकूम झालाच
तर तो परत कन्नडमध्ये गावात येणार
आणि चावडीत मलाच बोलावून म्हणणार, वाच.
इतक्या भांड्यांतून ओतल्यावर
पाणी किती उरतं,
हा प्रश्न फॉर्मात नव्हता.

प्रश्न सतरावा. पिण्याचं पाणी कुठून आणता?
नळ. विहीर. कूपनलिका. टँकर. इतर.
तुळजव्वा होनगेकर उंबऱ्यात पाय पसरून:
“आमच्या हिरीचं पाणी चहात घाटलं की चहा जांभळा होतोय.
मग मास्तरांच्या बोरचं आणतो,
त्यांच्या सुनंचा मूड असला तर.
नसला तर तिची भांडी घासून देतो,
मग येतोय मूड.”

पेन चारही चौकटींवरून फिरून आलं.
सुनेच्या मूडला चौकट नव्हती.
“काय लिवूलीस गं?”
“इतर.”
“म्हंजे?”
“म्हणजे… दुसरं काहीतरी.”
“आमी जल्मभर त्येच,” म्हणाली
आणि मिश्रीची डबी शोधू लागली.

आत मष्णू, तिचा मुलगा, रात्रपाळी करून आडवा.
पांघरुणातूनच बोलला,
“वाळू इखारी हाय म्हणून लिवा.
फौंड्री बंद करा म्हणून लिवू नका.
दोनी एका वळीत बसत्यात काय बघा.”
बसत नव्हतं.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात, आडवं.

दोनशे चौदा घरं. एक्क्याण्णव ‘इतर’.
पंख्याखाली तक्ता उघडला तेव्हा
एक सर म्हणाले, हे वगळू या, आलेख बिघडतोय.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
“एवढ्याशा कोपऱ्यात
एवढी माणसं मावली कशी?”
आणि माझ्याकडं बघून, “परत जाशील?”

परत गेले. एक्क्याण्णव दारं, नवा एकच प्रश्न:
पाण्याच्या बदल्यात काय देता?
भांडी. शेणघाण. लावणीचा एक दिवस.
पोराची शिकवणी बुडवून त्यांच्या म्हशी.
मत.
एकीनं काही सांगितलं नाही, दार लोटून घेतलं.
तेही लिहिलं.

अहवाल एकशे चाळीस पानांचा.
बेळगावच्या कचेरीत साहेबांनी तो पाठीमागून उघडला,
तिसऱ्या परिशिष्टापाशी बोट थांबलं.
मला तेवढंच दिसलं, दाराशी उभी होते.

सात महिन्यांनी हुकूम.
वाळू टाकायची ती कुंपणाआड, खाली फरशी घालून,
खर्च फौंड्रीवाल्यांचा.
विहिरींची तपासणी वर्षातून दोनदा.
टँकर मंगळवारी आणि शनिवारी.
एका पानाचं एवढं झालं.
बाकीच्या पानांचं काय झालं, ठाऊक नाही.
चावडीत मीच वाचला.
ओतताना थोडं सांडलंही असेल.

परवा शनिवारी त्या बाजूला गेले होते.
गल्ली अरुंद म्हणून टँकर मास्तरांच्या दारात उभा,
पाईप सुनेच्या हातात,
आणि रांगेत, घागरीवर बसलेली तुळजव्वा.
लांबूनच ओरडली,
“गणतीवाली! वही आणलीस न्हवं?”

नव्हती आणली. काम संपलेलं,
ओळखपत्रसुद्धा परत केलेलं.
कुणाचं तरी पेन मागून घेतलं
आणि तळहातावर लिहिलं, टँकर कुठं थांबतो,
पाईप कोण धरतं.

मग म्हातारीची घागर उचलू लागायची होती.
एकाच हातानं उचलली.