हजार किलोचा खिळा

कील ओतायची आहे, बाई म्हणाल्या.
मला वाटलं, खिळा.
म्हटलं, खिळे आम्ही ओतत नाही,
भोसरीत गल्लोगल्ली तयार मिळतात.
त्यांनी नळीतून ड्रॉइंग काढलं,
माझाच चहाचा ग्लास त्याच्या कोपऱ्यावर ठेवला
आणि म्हणाल्या,
हा खिळा एक हजार किलोचा आहे.

वसुमती आगटे. वेधशाळेत एकतीस वर्षं.
रोज सकाळी वारा कागदावर उतरवायचा, दिशा आणि वेग,
आणि खिडकी लावून घ्यायची,
कागद उडतात म्हणून.

ड्रॉइंग स्वीडनकडच्या नावेचं.
सरळ रेघ शोधून सापडेना.
काठ नाळेकडे चढतो, मध्ये बसतो,
मागे पुन्हा किंचित उचलतो,
दोन खुंट्यांवर ओलं धोतर वाळत घातल्यासारखा.
अंग सडपातळ, सव्वादोन मीटर.
आत उभं राहता येतं का, मी विचारलं.
बसता येतं.
उभं राहायला पुणं आहे.

मालकांना आकड्यात चूक वाटली.
तरंगायच्या वस्तूचं निम्मं वजन
लोखंडाचं, आणि तेही पाण्याखाली?
बाईंनी पेन्सिल टेबलावर आडवी केली, सोडली.
ती आडवीच राहिली.
मग तिच्या बुडाला माझा नट अडकवून
ग्लासातल्या उरल्या चहात सोडली.
इस्माईलने पाहिलं, मी पाहिलं,
मालक म्हणाले, ॲडव्हान्स किती देता?

फळ्या भवानी पेठेतल्या सागवानाच्या,
कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या,
आणि त्या जोडायचे रिव्हेट तांबट आळीतून.
तिथल्या म्हाताऱ्याने आयुष्यात बंब आणि घंगाळंच केली,
पाणी आत ठेवायची विद्या.
बाहेर कसं ठेवायचं, त्याने विचारलं.
बाई म्हणाल्या, तसंच. फक्त उलट.

ओतलं त्या रात्री मी घरी गेलो नाही.
तिसऱ्या दिवशी साचा फोडला, वाळू झाडली,
तळाशी एक पोकळी,
सुपारीएवढी.
भरून, घासून, रंगवून कोणाला कळलं नसतं.
सकाळी बाई आल्या तेव्हा
मीच त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं.
हवा शिरली?
हो.
राहू द्या, म्हणाल्या. ती माझ्या खात्यातली.

ऑक्टोबरात पानशेतला हायड्राने तिला उचललं,
ड्रायव्हर म्हणाला, खाली एवढं जड काय आहे?
मी गप्प. पण बरं वाटलं.

पहिल्यांदा बसलो तेव्हा ती लगेच कलली,
मी देवाचं नाव घेतलं.
कलली, आणि एका जागी थांबली,
जसा कोणी रागावलेला माणूस
एका मर्यादेपर्यंत बोलतो आणि मग बोलत नाही.
बाईंनी सुकाण्याचा दांडा दोन बोटांत धरलेला.
बोटं काढली.
नाव सरळ जात राहिली, कोणाचं न ऐकता.
वळायला मात्र वेळ घेते,
आधी सांगावं लागतं, मग वाट पाहावी लागते.
मागे जायचं तर बिलकूल ऐकत नाही.
शिडात वारा बसला की आवाज होत नाही, आवाज थांबतो.
डोंगराच्या खिंडीतून एक झोत आला,
बाई म्हणाल्या, वायव्य, चौदा,
आणि मग गाल पुसला.
पाण्याचा थेंब असेल.

मे महिन्यात शहराला पाणी सोडलं.
ज्याच्यावर आम्ही तरंगत होतो
ते कोथरूडमध्ये कोणाच्या कुकरमध्ये गेलं असेल.
फोन आला, नाव चिखलात टेकलीय, या.

एका कुशीवर रेलून होती ती, टेकू लावलेला.
सात महिन्यांनी माझं लोखंड उघड्यावर.
रंग गेलेला, तांबूस, बारीक शिंपले चिकटलेले.
गुडघ्यावर बसून मी तळाशी हात फिरवला.
सापडेना.
बाई वर काठावर बसून सफरचंद कापत होत्या.
डावीकडे, म्हणाल्या,
वीतभर अजून डावीकडे.